नानांच्या हाताचं पाणी

वडिलांचं, म्हणजे नानांचं, तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी येरमाळ्याच्या माळावर गर्दी जमली. माझा धाकटा भाऊ गुरुप्रसाद जमिनीतलं पाणी शोधायला उजव्या तळहातावर नारळ आडवा ठेवून अनवाणी चालत होता. बाभळीपाशी नारळ डुलला आणि शेंडी वर करून उभा राहिला, म्हणजे तिथं पाणी. बायकांनी हात जोडले. वडिलांचे जुने कार्यकर्ते कोंडीरामकाका डोळे पुसत मला म्हणाले, "ताई, नानांचा हात गेला न्हाय. गुरुदादाच्या हातात आलाय. आता आमदारकी घरात येणारच."

याच नारळावर नाना जिल्हा परिषदेत गेले होते. ते दाखवतील तिथं पाणी लागायचं. लोकांना फक्त नारळ दिसायचा. त्याआधी नाना कित्येक दिवस ते रान एकटे चालायचे. उन्हाळ्यात कुठली विहीर टिकते, उंबर कुठं हिरवा राहतो, हे म्हाताऱ्यांना विचारायचे. मग नारळ कशाला, असं मी एकदा विचारलं. ते हसले. "विहिरी बघणाऱ्याला लोक चहा पाजतात, बाई. नारळवाल्याला मत देतात."

पुढं विधानसभेचं वारं लागलं. रोज नवं गाव, नवे हार. रान चालायला सवड उरली नाही. भूमजवळच्या एका गावात ते गाडीतून उतरले ते थेट नारळ घेऊनच. बोअरमधून नुसता फुफाटा उडाला. तिकीट दुसऱ्याला गेलं. हाताला गुण देणारी देवी कोपली, असं लोक म्हणाले, आणि वाईट हे, की नानांनाही ते पटलं. ते आपला तळहात न्याहाळत बसायचे. छातीत कळ आली तरी दवाखान्यात जायला नको म्हणाले. कोप भोगून संपवायचा होता त्यांना. त्यातच ते गेले.

आता तोच नारळ गुरुप्रसादच्या हातावर होता. मी त्याच्या डोळ्यांवर उपरणं बांधलं. तो नाही म्हणाला नाही. त्याचा हातावर विश्वास होता. त्याला धरून त्याच माळावर उलटसुलट फिरवलं. बाभळीपाशी नारळ निजलेलाच राहिला. पुढं उघड्या खडकावर उभा राहिला. पुन्हा फिरवलं, तेव्हा बांधावर. जिथं उभा राहिला तिथं तिथं मी दगड ठेवला.

उपरणं सोडल्यावर तो दगडांकडं बघत राहिला. "मी मुद्दाम करत नव्हतो, अक्का."

मला ते ठाऊक होतं. इथं पाणी असेल असं मनानं घेतलं, की बोटं नकळत हलतात, आणि तेवढ्यानं नारळ उभा होतो.

कोंडीरामकाका दुखावले. "मग नानांनी दावलेलं पाणी खोटं व्हतं व्हय?"

"पाणी खरं होतं, काका. ते त्यांच्या पायांनी शोधलं. आपण पाया पडलो ते नारळाच्या."

गर्दी हळूहळू पांगली.

तुमच्याही गावात असा हात घेऊन कुणी येईल. त्याच्या डोळ्यांवर फडकं बांधा, तेवढं पुरे. आणि तो मत मागायला लागला, तर आमचं रान तू किती चाललास, एवढंच विचारा. माझ्या वडिलांकडं या प्रश्नाचं उत्तर होतं. त्यांना तो कुणी विचारलाच नाही.