ज्वारीच्या कोठीतला पारा

मित्रांनो, मी पाऱ्याचा एक जुना रक्तदाबमापक आहे. लोक मला बीपीचं मशीन म्हणतात. पोटात पारा असल्यामुळे स्वस्थ बसणं माझ्या नशिबात नाही, आणि खरं बोलण्याची खोड असल्यामुळे मला मित्रही कमी.

माझी उमेदीची वर्षं अंबडच्या एका डॉक्टरांच्या टेबलावर गेली. पुढारी असो की हमाल, माझ्यापुढे बाही वर करूनच बसायचा. आकडा चांगला आला की डॉक्टरांचं कौतुक व्हायचं, वाईट आला की मी बिघडलेला ठरायचो. पुढे बटणाचं मशीन आलं आणि डॉक्टरांनी मला त्यांच्या नर्सबाईंना, बेबीनंदांना, देऊन टाकलं.

जालन्यात त्यांच्या घरी मी टीव्हीशेजारी राहू लागलो. दर रविवारी त्यांचे पती राजानंद दंड पुढे करत, माझा पारा जरा जास्तच वर चढे आणि बेबीनंदा लोणच्याची बरणी उचलून आत नेत. राजानंद बियाण्यांच्या कंपनीत होते. यंदा त्यांनी नोकरी सोडून स्वतःचं दुकान टाकलं आणि नोकरीबरोबर कंपनीचा आरोग्य विमाही गेला. दवाखान्यात पडायची वेळ आली तर नवं दुकान मोडावं लागेल, या धास्तीनं घरात कुणाला चैन पडेना. स्वतःची पॉलिसी घेणं भाग होतं.

विमा एजंट राधेश्याम यायचा त्या दिवशी राजानंदांची नजर माझ्यावर पडली.

"अगं, हे मशीन आत ठेव. ते पाह्यलं की तो समजंल, मला बीपी हाय. मंग हप्ता वाढवतेत, न्हाई तर पॉलिसीच देत न्हाईत."

"अन् त्यानं तोंडावर विचारलं तर?"

"न्हाई म्हणायचं. बीपीला काय शिंगं फुटतेत का दिसायला?"

बेबीनंदांनी मला ज्वारीच्या कोठीत पुरलं. असा अपमान आयुष्यात झाला नव्हता. अंधारात मी नुसता कान देऊन राहिलो.

"जय भीम, राजानंदभाऊ!" राधेश्यामचा आवाज आला. कागद फडफडले. "ही पॉलिसी स्वस्त हाय, पण दवाखान्यातल्या खोलीच्या भाड्याला मर्यादा. भारी खोली घेतली की बाकी बिलालाबी कात्री. ही दुसरी, हिच्यात बिलाचा पाचवा हिस्सा तुमचा. तिसरी महाग, पण ह्या दोन्ही अटी न्हाईत."

"यात चांगली कोणती?"

"वेळेला पैसे देती ती. अन् खरं लिहिलं असंल तरच देती. बीपी, शुगर काही?"

माझा पारा कासावीस झाला.

"बिलकुल न्हाई," राजानंद म्हणाले.

पेन कागदावर खरखरलं. थोड्या वेळानं राधेश्यामचा आवाज आला, पण बारीक. "वहिनी, गरगरून राह्यलं. सकाळपासून डोकं धरलंय. शेजारी कुणाकडं बीपीचं मशीन मिळंल का?"

राजानंद खोकले. बेबीनंदा उठल्या. कोठीचं झाकण उघडलं आणि त्यांचा हात कोपरापर्यंत ज्वारीत शिरला. पट्टा राधेश्यामच्या दंडावर चढला तेव्हा त्याच्या मांडीवर दाणे सांडले. माझा पारा एकशे ऐंशीच्या पुढेच थांबला.

"वहिनी, हे मशीन ज्वारीत?"

"पारा हाय ना त्यात," राजानंद घाईनं म्हणाले. "ज्वारीला किडे लागत न्हाईत."

राधेश्याम हसला नाही. "भाऊ, मला बीपी हाय हे मला पहिल्यापासून ठाऊक हाय. तरी माझ्या सोताच्या पॉलिसीत मी न्हाई लिहिलंय. आज मला काही झालं, तर कंपनी माझ्या घरच्यांना हात हलवत परत पाठवंल."

राजानंदांनी गाडीची किल्ली उचलली. "चला आधी डॉक्टरकडं." दारातून ते वळले. "अन् कागदावरलं ते 'बिलकुल न्हाई' खोडा. 'हाय' लिहा."

मित्रांनो, ती तिसरी पॉलिसी मिळाली. हप्ता वाढला आणि बीपीच्या आजारांचा खर्च मिळायला काही काळ थांबावं लागेल. राधेश्यामनंही कंपनीला खरं कळवलंय. उत्तर आलेलं नाही, त्यामुळे तो सारखा येऊन दंड पुढे करतो.

मी परत टीव्हीशेजारी आहे. माझी एवढीच विनवणी, घरातल्या मापकाला पाहुण्यांपासून लपवू नका आणि त्याचा आकडा विमा कंपनीपासून. माझ्या पेटीत ज्वारीचा एक दाणा अजून अडकलाय. झाकण उघडलं की तो खडखडतो आणि राजानंद निमूटपणे गोळी घेतात.