टेपचा झोळ

“कडी सोडायची नाही, काही झालं तरी!” असं बजावून बाबा टेप उलगडत नाल्यापलीकडे गेले.

मी कसली सोडतेय! बाबांचा मोजणीतला जोडीदार आजारी पडला, म्हणून सुट्टीच्या दिवशी हे मानाचं काम माझ्या वाट्याला आलं होतं. रस्त्याच्या मध्यावरच्या खिळ्यात टेपची कडी अडकवून मी ऐटीत बसले. इथून तीस मीटर मोजून बाबा खुंटी ठोकणार, आणि बंदरापासून कारखान्यांपर्यंतचा नवा रस्ता तिथवर येणार. राज्यातला दर सहावा माणूस आमच्या या बंदरपट्ट्यात राहतो, निम्मा माल इथूनच जातो. का? तर बंदर, सपाट जमीन आणि बारमाही पाणी. ही तीन कारणं मी झोपेतसुद्धा सांगेन. आत्या म्हणते, “चौथं कारण विसरलीस, मी! इथल्या सगळ्या साहेबांच्या शर्टांना इस्त्री कोण करतं?”

आत्याची नाल्याच्या पलीकडच्या काठाला एकच खोली. घर तेच, दुकानही तेच. रस्त्याची रेषा भिंतीला लागली की अख्खी खोली पाडणार. पण बाबांनी तिला कालच सांगितलं होतं, “तुझी भिंत वाचतेय, वीतभराने.” मग मला कसली काळजी?

“तीस!” पलीकडून बाबा ओरडले.

बघते तर नाल्यावर टेप चांगली लोंबत होती.

“बाबा, झोळ पडलाय! तुम्हीच शिकवलंत ना, टेप तारेसारखी ताठ पाहिजे!”

बाबा खुंटी उचलायला वाकले. ऐकू गेलं नसेल म्हणून मी आणखी जोरात ओरडले.

गाडीत फोन बघत बसलेल्या बाबांच्या साहेबांनी मान वर केली. टेपकडे पाहून हसले. “पोरगी तुमच्यापेक्षा हुशार निघाली हो! ओढा, ओढा.”

बाबांनी टेप ओढली. तिसाचा आकडा सरकत सरकत आत्याच्या उघड्या दारातून उंबऱ्याच्या आत गेला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती वीत झोळातच होती. बाबांनी मुद्दाम ठेवलेल्या झोळात.

कडी सोडून मी धावत सुटले. “साहेब, माझं चुकलं! मला त्यातलं काही कळत नाही!”

“अगं, बरोबरच होतं तुझं,” साहेब म्हणाले आणि त्यांनी खुंटीची जागा लिहून घेतली.

आत्या दारात उभी होती. माझ्याकडे बघून ती बाबांना एवढंच म्हणाली, “दादा, घरी गेल्यावर हिला बोलायचं नाही हं.”

बाबांनी हातोडा उचलला.

“थांब जरा.” ती आत गेली. माती उडून खराब होऊ नयेत म्हणून तिने लोकांच्या शर्टांच्या घड्यांवर चादर पसरली, चारही कोपरे नीट खोचले.

“हं. ठोक आता.”