उतरायच्या ओळी

१९८४च्या फेब्रुवारीत माझा नवरा क्लाइव्ह स्कॉटलंडमधल्या बेन नेव्हिस या डोंगरावर चढला, माथ्यावर उभा राहिला आणि उतरताना पडून मेला. मला काहीच वाटलं नाही. शेजारणींनी आणलेले खिमा-बटाट्याचे डबे मी फ्रीजमध्ये रचले, धुऊन परत केले. ‘किती धीराची गं तू,’ म्हणायच्या. धीर कसला, लाकूड झालं होतं माझं.

त्याच्याबरोबर चढलेला गॉर्डन तेवढा परत आला. अंत्यविधीला चर्चच्या मागच्या बाकावर बसला आणि मला न भेटताच निघून गेला. एप्रिलातल्या एका रविवारी दुपारी दारात उभा राहिला, हातात क्लाइव्हचा थर्मास.

“आत ये. शेफील्डची सगळी थंडी घरात घेऊ नकोस.”

तो बसला. टीव्हीपुढच्या रबरी बटणांच्या छोट्या कॉम्प्युटरकडे बघत म्हणाला, “अजून इथेच आहे होय?”

“कुठे जाणार?”

गेल्या हिवाळ्यात क्लाइव्हने त्यावर गिर्यारोहणाचा गेम लिहिला होता. मी कागदावरून प्रोग्रामची एकेक ओळ वाचायची, तो टाइप करायचा. मला स्टुलावर चढायचं धाडस होत नाही, पण त्या डोंगराची प्रत्येक ओळ मला पाठ होती. माणसं निवडायची, प्राणवायू आणि शिधा वाहून न्यायचा, छावण्या उभारायच्या. गेममधल्या दोघांना त्याने क्लाइव्ह आणि गॉर्डन अशीच नावं दिली होती. निघायच्या दिवशी बाहेर गॉर्डनच्या गाडीचा हॉर्न वाजला, तेव्हा त्याने अर्धवट डाव कॅसेटवर साठवला. “पाचव्या छावणीत आहोत. पुढचं आल्यावर.”

मी कॅसेट लावली. साठवलेला डाव मशीनमध्ये परत भरताना टेप किंचाळायला लागली. एरवी त्या आवाजाने माझं डोकं उठायचं, आता तेही उठलं नाही.

पडद्यावर अक्षरं आली. पाचवी छावणी. क्लाइव्ह थकलेला, गॉर्डन बरा. वर चढा, विश्रांती घ्या, हवामान बघा.

“थोडंच राहिलंय,” गॉर्डन म्हणाला. “माथ्यावर नेऊ या?”

“माथा बघून झालाय त्याचा. मला तो खाली हवाय.”

त्याने पडदा पुन्हा वाचला. “खाली यायची सोयच नाही गं यात.”

मला ठाऊक होतं. तेव्हाच विचारलं होतं मी. क्लाइव्ह म्हणाला होता, “मेमरी संपली, मॉरीन. आणि उतरण्याचं काय लिहायचं? घरीच तर यायचं असतं.” माणसं उतरतानाच मरतात हे त्यांच्या गिर्यारोहण क्लबात प्रत्येकाला पाठ. गेम सगळ्यांनी खेळला, वाहवा केली, पण उतरायच्या ओळी कुठे आहेत हे एकानेही विचारलं नाही.

“आपण लिहू,” मी म्हटलं. “मी सांगते, तू टाइप कर.”

“पण जागा?”

“माथ्यावरचा झेंडा काढ. तिथे वाजणारी ती कर्कश धूनही काढ.”

“अगं, त्या झेंड्यासाठी किती जीव आटवला होता त्याने.”

“काढ म्हणते ना.”

ओळी पुसल्या गेल्या. मी उतार सांगत गेले. चौथी छावणी, तिसरी, दुसरी. एका ओळीवर गॉर्डनची बोटं थांबली.

“दोर बांधलेला की सुटा, ते सांगावं लागेल.”

“मग सांग.”

“आम्ही सोडला होता, मॉरीन.” तो बटणांकडेच बघत होता. “उतार सोपा होता. दोर सोडू, लवकर पोहोचू, असं तो म्हणाला. मी नको म्हणायला हवं होतं. मीही गारठलो होतो. सोडला.”

मला राग यायला हवा होता. मी त्याची वाट बघितली, तो आला नाही.

“बांधलेला, असं लिही,” मी म्हटलं.

त्याने लिहिलं. “पहिल्यापासून चालू करू?”

“खबरदार. तसं केलंस तर मशीन सगळं विसरेल. तो परत पायथ्याशी ताजातवाना, चढायला तयार. नव्या ओळीपासून चालू कर.”

चौथी छावणी. वारा. तिसरी. क्लाइव्ह घसरला. माझ्या शेजारचा गॉर्डन पडद्याकडे झुकला. दोराने धरला. दुसरी. पहिली. पायथा.

पुढे काय म्हणायचं ते आम्ही लिहिलंच नव्हतं. ओळी संपल्यावर मशीन आपलं आपण जे लिहितं, तेच त्याने पडद्याच्या तळाशी लिहिलं. ओके.

गॉर्डन रडायला लागला. गारठलेल्या बोटांना ऊब मिळाली की जीवघेणी कळ येते, असं क्लाइव्ह सांगायचा. मला तशी कळ छातीत आली आणि मी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

त्या मशीनला बंद करायचं बटण नव्हतं, प्लगच उपटावा लागायचा. बऱ्याच वेळाने गॉर्डन नाक पुसत उठला आणि सवयीने प्लगकडे वाकला.

“राहू दे,” मी म्हटलं. “आत्ता तर आलाय तो.”