अठ्ठेचाळीस दाते

मास्तरांना मोटरसायकल चालवता येत नव्हती, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही, असं ते कुणी न विचारताच सांगत सुटायचे. मास्तर म्हणजे शिंपी. गाडी चालवायची त्यांची बायको, दवाखान्यातली नर्स. रोज सकाळी मास्तरांना मागे बसवून ती दुकानाशी सोडायची आणि तशीच पुढे ड्युटीवर जायची. दहा मिनिटांचा रस्ता ती सहा मिनिटांत उडवायची, आणि ती सहाच्या सहा मिनिटं मास्तर डोळे गच्च मिटून तिच्या कमरेला मिठी मारून काढायचे.

नऊ वर्षांपूर्वी, पहिल्याच दिवशी, तिनं विचारलं होतं, "भीती नाही ना वाटत?" या शहाण्यानं छाती फुगवून सांगितलं, "छट्! मला तर वेग आवडतो." झालं! आता नऊ वर्षांनी कुठल्या तोंडानं कबूल करणार? भीती वाटायची, अगदी मरणाची वाटायची. पण बायकोपुढे फजिती होण्यापेक्षा रोज सहा मिनिटं मेलेलं त्यांना परवडायचं.

अशात गाडीची चेन कुरकुरायला लागली. चढ आला की ती दात्यांवरून सटकायची, खाडकन आवाज व्हायचा आणि मास्तर मिटलेले डोळे आणखी गच्च मिटायचे. रविवारी नर्सबाईंची ड्युटी लागली. "अहो, तेवढी चेन बदलून आणा," असं फर्मान सोडून त्या बसनं गेल्या. मास्तर गाडी ढकलत निघाले. वाटेत तिघांनी विचारलं, "काय, पेट्रोल संपलं वाटतं?" मास्तरांनी तिघांनाही हो म्हणून सांगितलं.

गॅरेजातल्या मिस्त्रीनं चेन बोटानं उचलून पाहिली, मग मागच्या चाकाचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन ओढणारी दात्यांची चकती, दाखवलं. दाते झिजून ब्लाउजच्या हुकासारखे वाकले होते.

"नुसती चेन घालून भागायचं नाही," तो म्हणाला. "पुढचं स्प्रॉकेट, मागचं स्प्रॉकेट, चेन, सगळा सेटच बदला. तुम्ही कधी चेनपट्टीची एक बाजू जुनी आणि एक नवी लावता का?"

हे मास्तरांना पटलं. मिस्त्रीनं फळीवरून मागच्या चाकाच्या दोन चकत्या काढल्या. "ही कंपनीच्या मापाची, बेचाळीस दात्यांची. आणि ही अठ्ठेचाळीसची, दूधवाले घालतात. कॅन लादून चढ चढायचा असतो ना! ओढते जास्त, पळते कमी."

मास्तरांचे कान टवकारले. "कमी म्हणजे किती?"

"पन्नासच्या पुढे नेली की इंजिन बोंबलायला लागतं."

"हीच घाला."

"अहो, बाईंना विचारलंत का?"

"आमच्या घरात असले निर्णय मीच घेतो," मास्तर म्हणाले, आणि उगाच एकदा मागे वळून पाहिलं.

मिस्त्रीनं चाक काढलं, नवी चकती बसवली, मोठ्या चकतीला पुरावी म्हणून लांब चेन घेतली आणि जोडकडीला क्लिप लावली. "आता थोडी ढील ठेवायची." मास्तरांनी गळ्यातली टेप काढून ढील मोजली तेव्हा मिस्त्री हात जोडून म्हणाला, "मास्तर, ही पँट नाही!" जुनी चकती मात्र मास्तरांनी मागून घेतली. कापड बेतताना कागद उडू नये म्हणून वर ठेवायला ती झकास होती.

सोमवारी नर्सबाईंनी नेहमीसारखी गाडी पिळली. इंजिन आभाळ डोक्यावर घेऊन ओरडलं आणि गाडी आपली रमतगमत चालली.

"हे काय केलंय त्या मेल्यानं?"

"नवीन आहे गं. रुळेल हळूहळू."

मास्तरांनी नऊ वर्षांत पहिल्यांदा डोळे उघडे ठेवले. हात सोडून ऐटीत गुडघ्यांवर ठेवले. केवढी दुनिया होती रस्त्यावर! "अगं, इथे चष्म्याचं दुकान कधी निघालं?"

"सात वर्षं झाली," ती म्हणाली, आणि आरशातून एकदा मागे पाहिलं.

मंगळवारीही आरशातून पाहिलं. बुधवारी घरात भांडी जरा जास्तच आपटली गेली. मास्तर खुशीत होते, त्यांच्या काही ध्यानात आलं नाही. गुरुवारी ती डबा द्यायला दुकानात आली, बेतायच्या टेबलावरची चकती उचलली आणि उभ्या उभ्या दाते मोजले. मग टेबलावरचा खडू घेऊन बाहेर गेली. गाडी मधल्या स्टँडवर लावून एका दात्यावर खूण केली, आणि नाडी मोजावी तसं चाक फिरवत मोजत बसली. मास्तरांच्या हातातली कात्री तिथेच थांबली.

"अठ्ठेचाळीस," ती आत येऊन म्हणाली. "जुनी बेचाळीसची. कशाला?"

मास्तरांनी चार थापा जुळवायचा प्रयत्न केला, पण एकही धड बसेना. शेवटी टेपशी चाळा करत म्हणाले, "मला भीती वाटते. तुझ्या मागे बसायची. पहिल्या दिवसापासून वाटते."

ती खुर्चीवर मटकन बसली. "मग ते रोज एवढं घट्ट धरणं?"

"जीव वाचवायला."

"अगं बाई!" ती म्हणाली. तिचा चेहरा एवढासा झाला. "मला वाटायचं, घरात नाही तर नाही, पण गाडीवर तरी हा माणूस जवळ घेतो. वेग वाढवला की आणखी घट्ट धरता, म्हणून तर मी पळवायची. आणि सोमवारपासून तुमचे हात गुडघ्यांवर! चार दिवस विचार करतेय, माझं काय चुकलं?"

मास्तरांनी टेप गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

शुक्रवारी सकाळी नर्सबाई गाडीवर बसल्या. मास्तर मागे चढले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तिच्या कमरेला जी मिठी घातली, तशी नऊ वर्षांत कधी घातली नव्हती.

"अहो," ती कशीबशी श्वास घेत म्हणाली, "गाडी अजून स्टँडवरच आहे!"

"असू दे," मास्तर म्हणाले.