जुना प्लग दाखवा

“तुमचा प्लग मेला, बाई,” नर्सताई म्हणाल्या आणि रुमालात गुंडाळलेला प्लग त्यांनी काउंटरवर ठेवला. “पंधरा दिवसांत.”

आईने चहाचा कप खाली ठेवला. मी मागच्या स्टुलावर बसून भूमितीची आकृती काढत होते, माझी पेन्सिल वर्तुळाच्या मध्यावरच थांबली. कारण बावीस वर्षांत या दुकानात हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं. माझं वय पंधरा, म्हणजे पहिली सात वर्षं ऐकीव. पण पुढची साक्ष मी कुठेही द्यायला तयार आहे.

माझी आई मोटारसायकलींच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटर सांभाळते. दुकानात भाग शेकडो, पण लोक तिला ओळखतात ते प्लगसाठी, आणि तेही जुन्या गाड्यांच्या. नव्या गाडीचं काय, पुस्तकात नंबर बघा आणि डबी काढून द्या. तीस वर्षं पळालेल्या गाडीचं तसं नसतं. तिचं इंजिन चार वेळा खोललेलं असतं, कार्ब्युरेटर भलत्याच गाडीचा असतो, आणि मालक छातीठोकपणे सांगत असतो की सगळं ओरिजिनल आहे. म्हणून आईच्या काउंटरवर पाटी आहे : ‘जुना प्लग दाखवा’. जुना आणला नाही तर नवा मिळत नाही, मग समोर कुणी का असेना. एकदा एक गृहस्थ वैतागून म्हणाले होते की डॉक्टरसुद्धा इतकी तपासणी करत नाहीत. आई म्हणाली, “म्हणून तर परत परत जावं लागतं तुम्हाला त्यांच्याकडे.”

जुना प्लग ती खिडकीपाशी नेते, चष्मा कपाळावर सरकवते आणि टोक उजेडात धरते. टोक बिस्किटाच्या रंगाचं असेल तर इंजिन सुखात आहे. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय. ओलं, चिकट काळं असेल तर तेल जळतंय, आधी इंजिन दाखवा, नुसत्या प्लगने भागणार नाही. आणि पांढरंफटक, फोड आल्यासारखं असेल तर गाडी आतून तापलीय, तिला थंड जातीचा प्लग हवा. एवढं सगळं ती गाडी न बघता सांगते. गाडी ती चालवतही नाही. मोटारसायकलींची ही डॉक्टर घरी जाते माझ्या सायकलच्या कॅरिअरवर बसून.

जुना प्लग गिऱ्हाईक तिथेच सोडून जातं. आई त्याला कागदाची चिठ्ठी बांधते आणि लाकडी ट्रेमधल्या भोकात उभा करते. पुढच्या वेळी तेच गिऱ्हाईक आलं की दोन्ही प्लग शेजारी ठेवायचे आणि दुखणं वाढलं की उतरलं ते ठरवायचं. आईला माणसांची नावं आठवत नाहीत, टाक्यांचे रंग आठवतात. त्यामुळे चिठ्ठ्यांवर ‘हिरवी टाकी’, ‘खोकणारी’, ‘उंच मास्तर, बुटकी गाडी’ असलं काहीतरी असतं, आणि मागे घराचा पत्ता. फारच शिकवण्यासारखा प्लग असला तर तो भिंतीवरच्या फळीत बसतो आणि त्याच्याखाली मी पाटी लिहिते, कारण आईचं अक्षर तिलाही लागत नाही. ‘तेल पिणारी.’ ‘रोज फक्त कोपऱ्यापर्यंत.’ ‘आठ वर्षं बदलला नाही, वर अभिमानाने सांगत होते.’

नव्या प्लगची डबी मात्र ती कधी उघडत नसे. सील गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने फोडायचं, हा तिथला मान होता.

तर नर्सताई. त्यांची गाडी त्यांच्या वडिलांची. त्या तिच्यावरून लांबलांबच्या वस्त्यांवर लस घेऊन जातात. त्या दिवशी मधल्या चढणीवर गाडी बंद पडली ती लवकर सुरूच होईना. बर्फाची पेटी खांद्याला लावून त्या पाऊण तास चालत गेल्या. बर्फ वितळायच्या आत पोहोचले म्हणून आज हसत सांगतेय, असं त्या म्हणाल्या. पण त्या हसत नव्हत्या.

आईने फक्त तीन प्रश्न विचारले. गार असताना पहिल्या किकला सुरू होते का. तापली की बंद पडते का. आणि थोडा वेळ उभी केली की पुन्हा सुरू होते का. नर्सताईंनी तिन्ही वेळा मान हलवली.

आई प्लग घेऊन खिडकीपाशी गेली. मग परत आली, कपाटातून त्याच मालाची एक नवी डबी काढली आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा तिने स्वतः सील फोडलं. आतल्या प्लगवरची अक्षरं तिने अंगठ्याने घासली. अक्षरं अंगठ्याला आली. मधला दांडा मधोमध नव्हता, थोडा कलला होता. वायसर तर नुसता उलटा धरल्यावर टपकन काउंटरवर पडला.

“हा मेला नाही, ताई,” आई म्हणाली. “हा जिवंत नव्हताच.”

मग तिने तो वायसर उचलून तळहातावर घेतला. मला वाटलं आता ती माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला शिव्या देणार. मी तर मनातल्या मनात द्यायला सुरुवातही केली होती.

“मी बघितला नाही,” ती म्हणाली. “जुना बघितला. नवा बघितला नाही.”

नर्सताईंना तिने कपाटाच्या मागच्या बाजूला ढकललेल्या जुन्या साठ्यातला प्लग दिला, तोही सील फोडून, उजेडात बघून, आणि गाडी तापेपर्यंत आमच्याच रस्त्यावर फेऱ्या मारून बघायला लावली. नंतर तिने ट्रे पुढे ओढला. नवा माल आला त्या दिवसापासूनचे जुने प्लग तिने एकेक करून बाजूला काढले. चौदा. नर्सताई सोडल्या तर तेरा. तेरा गाड्यांवर माणसं ‘बाईंनी दिलाय’ म्हणून निर्धास्त फिरत होती.

धाकटे मालक आतल्या टेबलावरून सगळं ऐकत होते. थोरल्या मालकांनी दुकान त्यांच्या हाती देऊन वर्षच झालं होतं आणि नवा व्यापारी त्यांनीच शोधून आणला होता. त्यांचं म्हणणं असं की प्रत्येक मालात चार-दोन नग खराब निघतातच. जो परत येईल त्याला बदलून द्यावा, न येईल त्याचा चांगला चाललाय असं समजावं. घरोघरी जाऊन दवंडी पिटली तर दुकानाचं नाव जाईल.

“दुकानाचं नाव तुमचं आहे, तुम्ही सांभाळा,” आई म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, उलट जरा खालीच होता. “पण ‘बाईंनी दिलाय’ असं लोक म्हणतात, ते माझं आहे. माझ्याकडे तेवढंच आहे.”

धाकटे मालक म्हणाले की मग सोमवारी यायचं की नाही याचाही विचार करून ठेवा. आईने मान हलवली, जशी ती मापं लक्षात ठेवताना हलवते, आणि मागच्या साठ्यातल्या तेरा डब्या पिशवीत भरल्या. या घेऊन जातेय, असं सांगितलं. त्यांनी अडवलं नाही, पण हो असंही म्हटलं नाही.

रविवारी सकाळी बाबा म्हणाले की लोक सुट्टीला फिरायला जातात, माझी बायको प्लग काढायला निघालीय. असं म्हणत म्हणत त्यांनीच माझ्या सायकलच्या मागच्या चाकात हवा भरली आणि कॅरिअरवर जुनी उशी बांधली.

पहिल्या घरी मी लाजेने मेले. आईने दार वाजवलं आणि सरळ सांगून टाकलं : “मी तुम्हाला दिलेला प्लग खोटा आहे. मी न बघता दिला. काढून द्या, चांगला आणलाय.” झालं. ना प्रस्तावना, ना काही. परत सायकलवर बसताना मी तिला समजावलं की अगं, माल खोटा आला असं म्हणावं, त्यात आपलं कुठे काय चुकलं? (वक्तृत्वात पहिली आल्यापासून कुठे काय बोलावं हे मला जरा जास्तच कळायला लागलं होतं.)

“माल आपल्या पायांनी चालत काउंटरवर आला का?” आई म्हणाली. “पॅडल मार.”

मी पॅडल मारलं. हिरवी टाकी झाली. उंच मास्तर झाले. त्यांनी खुर्ची आणून दिली, आई बसली नाही, प्लगचा पाना फिरवत राहिली. पुलाखालच्या गॅरेजवाल्याने दोन गाड्यांसाठी दोन प्लग नेले होते. त्याचं आणि आईचं कधीच पटलेलं नाही, कारण त्याच्या गिऱ्हाइकांना आई त्याच्याच चुका प्लगवरून वाचून दाखवते. तो कमरेवर हात ठेवून मजेत म्हणाला, “काय बाई, बावीस वर्षांनी सापडलात.”

“सापडले नाही,” आई म्हणाली. “आले.”

त्याने कमरेवरचे हात काढले. दोन्ही प्लग त्याने स्वतः काढून, पुसून, तिच्या हातात ठेवले. तेव्हापासून मला लाज वाटायची बंद झाली. पुढच्या घरांची दारं मीच वाजवली, आणि जरा जोरातच.

दुपार कलायला लागली तेव्हा एकच चिठ्ठी उरली होती : ‘खोकणारी’. ही गाडी एका निवृत्त छापखानेवाल्या आजोबांची. अंगणात ती अशी पुसून ठेवलेली की आरशाची गरज नाही. आईने आपलं वाक्य म्हटलं. आजोबांनी ते नीट ऐकून घेतलं आणि प्लग द्यायला साफ नकार दिला.

“तुम्ही दिलाय ना? मग चांगलाच असणार.”

आई म्हणाली की खराब आहे. आजोबा म्हणाले की बाई खराब देत नाहीत. आई म्हणाली, अहो बाई मीच. आजोबा म्हणाले, तेच तर म्हणतोय मी. मला हसू आवरेना. पण आईकडे बघितलं तर तिच्या डोळ्यांत पाणी होतं. दिवसभरात कुणी तिला टोमणा मारला, कुणी चहा विचारला, एकाने तर दारच लावून घेतलं आणि खिडकीतून प्लग दिला. त्या कशाने ती हलली नव्हती. आजोबांच्या विश्वासाने हलली.

“तीन फेऱ्या मारा मैदानाला,” ती शेवटी म्हणाली. “न थांबता. बंद पडली नाही तर मी जाते.”

आजोबांनी टोपी घातली, रुबाबात किक मारली. गाडी पहिल्या किकला सुरू झाली आणि त्यांनी आमच्याकडे बघून भुवया उडवल्या. पहिली फेरी झकास. दुसरी झकास. तिसऱ्या फेरीला मैदानाच्या पलीकडच्या टोकाला गाडी दोनदा खोकली आणि गप्प झाली. आजोबा लांबून गाडी ढकलत येत होते. मी धावत गेले आणि मागून हात लावला. त्यांचा चेहरा असा झाला होता की चूक जणू त्यांचीच.

आईने तापलेला प्लग फडक्यात धरून काढला, नवा त्यांच्यासमोर उजेडात धरला, दांडा दाखवला, अक्षरं घासून दाखवली. मग बसवला. आजोबांनी पुन्हा तीन फेऱ्या मारल्या, मग चौथी, मग उगाचच पाचवी. उतरल्यावर त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि आम्ही फाटकाबाहेर पडेपर्यंत हातातच धरून ठेवली.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी सायकल दामटत दुकानात गेले. आई काउंटरवर दिसेपर्यंत माझा श्वास काही जागेवर नव्हता. ती होती. निळा कोट, कपाळावर चष्मा. दाराशी त्या मालाचा खोका सुतळीने करकचून बांधून ठेवला होता आणि वर धाकट्या मालकांच्या अक्षरात लिहिलं होतं : ‘परत’. धाकटे मालक आत टेबलावर मान खाली घालून एका डबीचं सील फोडत होते. प्लग त्यांनी दिव्याखाली धरला. उलटा धरला होता, पण धरला होता.

आईने मला जाड पेन आणि कोरी पाटी दिली. भिंतीवरच्या फळीत तिने नर्सताईंचा प्लग बसवला होता. वरच्या ओळीत, बरोबर मध्ये.

मी विचारलं, काय लिहू?

“न बघता दिला.”

मी लिहिलं. बाकीच्या पाट्यांवर खाली गाडीची खूण असते, म्हणून मी विचारलं की खाली नर्सताईंची निळी टाकी लिहू का.

“त्यांचं काय चुकलं?” आई म्हणाली. “माझं नाव लिही. पूर्ण.”

या दुकानात तिला सगळे बाईच म्हणतात. तिचं पूर्ण नाव तिथे कुठेच लिहिलेलं नव्हतं, बिल्ल्यावर नाही की कपाटावर नाही. मी एकेक अक्षर टोकदार, सरळ, शिरोरेघ पट्टीने आखून लिहिलं. आईने शाई वाळेपर्यंत पाटीवर फुंकर घातली, गिऱ्हाइकाच्या बरोबर नजरेसमोर येईल अशा उंचीवर ती ठोकली आणि हात पुसत काउंटरकडे वळली. तिथे कुणीतरी केव्हाचं ताटकळत उभं होतं.

“हं,” ती म्हणाली. “जुना प्लग दाखवा.”