पिछाडीच्या अकरा जणांतला एक

मित्रांनो, अशी कल्पना करा की तुम्ही अंगठ्याएवढे लहान आहात आणि तुम्हाला जन्मभर एकच लढाई लढायची आहे. ती दरवर्षी त्याच टेबलावर होते, आणि दरवर्षी तुम्हाला पळून जावे लागते.

मी एक जुना शिशाचा घोडेस्वार आहे. मला घडवणारे आजोबा कवळ्या बनवायचे. दातांच्या साच्यांना लागते त्याच प्लॅस्टरच्या साच्यात त्यांनी मला ओतले आणि दात तासायच्या बारीक कानशीने माझे नाक कोरले. (शिसे विषारी असते. आम्हाला हाताळल्यावर हात धुवायचे, हे त्यांनी घरात आधी शिकवले, खेळ नंतर.) त्यांच्या दोन मुलांनी आम्हाला रंगवले. थोरला घोडे रंगवी, धाकटा आमचे आणि आमच्या राजाचे झगे.

"बाबा, राजाला एक कवळी बसवा," धाकटा म्हणे. "त्याचे हुकूम तरी नीट कळतील."

"आधी तुझी बत्तिशी काढतो, मग तीच त्याला बसवतो," आजोबा म्हणत. तिघेही हसत. पाहुणे मला तळहातावर घेऊन म्हणत, "काय बारीक काम आहे हो!" ते माझे चांगले दिवस होते.

आमची लढाई आजच्या तुर्कस्तानातल्या मांझिकर्टची, सन १०७१ मधली. बायझंटाईन राजा सेल्जुक तुर्कांवर चालून गेला. दिवसभर तुर्क मागे सरत राहिले आणि तो पुढे जात राहिला. संध्याकाळी त्याने परतीचा हुकूम दिला, निशाणे वळली आणि सैन्यात गोंधळ उडाला. राजा पडला, अशी आवई उठली. त्याच्या मदतीला धावणे हे पिछाडीचे काम होते. पिछाडी छावणीकडे निघून गेली आणि राजा शत्रूच्या हाती सापडला. त्या पिछाडीच्या अकरा स्वारांतला मी एक.

पुढे दोघे भाऊ खऱ्या सैन्यात गेले, एकाच तुकडीत. परत आला तो एकटा धाकटा. थोरल्याची मुलगी तेव्हा पाळण्यात होती.

आजोबांनी धाकट्याला एका शब्दानेही बोल लावला नाही. थोरला गेला त्या तारखेला ते दरवर्षी टेबलावर मातकट चादर अंथरून ही लढाई मांडू लागले, एवढेच. राजा ते स्वतःकडे ठेवत आणि पिछाडी धाकट्याकडे देत. सातव्या फेरीला ते म्हणत, "हलव." धाकटा आम्हाला टेबलाच्या कडेपर्यंत मागे नेई. त्याच्या अंगठ्याच्या घामाने माझ्या झग्याचा निळा रंग उडाला आणि खालचे राखाडी शिसे उघडे पडले. मला पुन्हा रंगवावे असे कोणाच्या मनात आले नाही. पाहुणेही येईनासे झाले.

अशी नऊ वर्षे गेली. दहाव्या वर्षी थोरल्याची मुलगी भिंगरी पहिल्यांदा खेळायला बसली. तिच्याकडे तुर्क होते. सातवी फेरी आली, पण धाकट्याचा हात उठला नाही.

"हलव," आजोबा म्हणाले.

"बाबा, पुढच्या वर्षी मी येणार नाही. कधीच येणार नाही. दुसरा कोणी गद्दार शोधा."

"इतिहास आहे तो. मी नाही लिहिला."

"पण काका, तू राजाकडे गेला का नाहीस?" भिंगरीने विचारले. ती खेळाबद्दलच विचारत होती. मोठ्यांना मात्र तसे वाटले नाही.

"धूर होता गं," धाकटा म्हणाला. "मागे फिरा, असं कोणीतरी ओरडलं. मला वाटलं, दादाही फिरलाय. वळून बघितलं तर नव्हता."

"वाटलं म्हणे," आजोबा पुटपुटले.

भिंगरी खुर्चीवरून उतरली. गुडघ्यांवर बसून तिने हनुवटी टेबलाला टेकवली आणि माझ्या पाठीमागून समोर पाहिले. मित्रांनो, नऊ वर्षे मी जे पाहत होतो, ते पहिल्यांदाच दुसऱ्या कोणी पाहिले.

"आजोबा, इथून राजा दिसतच नाही. नुसती टेकडी दिसते."

टेकडी म्हणजे चादरीखाली ठेवलेले दोन जाड शब्दकोश.

"मला तर दिसतो."

"तुम्ही उभे आहात ना! खाली या."

"अगं, माझे गुडघे..."

"माझा खांदा धरा."

आजोबा कण्हत खाली बसले. त्यांचा डोळा माझ्या शेजारी आला, केवढा मोठा आणि लाल! त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिले.

"नाही दिसत," ते म्हणाले. धाकट्याने त्यांना उठवायला दंड धरला. ते उठले नाहीत, पण त्यांनी त्याचा हात झटकलाही नाही.

आम्हा शिशाच्या माणसांना बोलता आले असते, तर मी हे फार आधी सांगितले असते. कोणावर बोट रोखण्यापूर्वी, तो उभा होता तिथे एकदा जाऊन बघा. मित्रांनो, तुम्ही तरी एवढे करा.

लढाई मात्र अर्धवटच होती. टेकडीपलीकडे राजा एकटा होता आणि सातवी फेरी कोणीतरी खेळायलाच हवी होती. धाकट्याने माझ्याकडे बोटे नेली. भिंगरीने ती हळूच बाजूला सारली.

"आज मी हलवते, काका," ती म्हणाली, आणि तिने आम्हा अकरा जणांना एकेक करून टेबलाच्या कडेपर्यंत मागे नेले.