बादलचा सत्कार

भैरवीबाईंनी कमलाकररावांच्या हातून झेंडूचा हार घेतला आणि जयाला पिंजऱ्याची कडी काढायला सांगितली.

"अट एकच," कमलाकरराव म्हणाले. केळापूरजवळच्या या प्राणी-निवारा केंद्राचे ते अध्यक्ष. "अनोळखी माणूस हार घेऊन जवळ गेला, तरी बादलने चावायचं नाही. चावला, तर डॉक्टर गाडीत बसलेतच."

गाडीच्या काचा बंद होत्या. आतल्या थंड हवेत त्याला कायमचे झोपवणारी सुई तयार होती.

वन्यजीव सप्ताहात प्रमुख पाहुण्यांना लांडग्याच्या गळ्यात हार घालून फोटो काढण्याची हौस आली होती आणि बादलने त्यांच्या बाहीचा तुकडा काढला होता. तेवढ्यावरून समितीने त्याला हिंस्र ठरवले. विरोध एकट्या भैरवीबाईंचा. म्हणून ही परीक्षा. इतिहास शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. इंग्रजी अमलात लांडग्याच्या कातड्यामागे बक्षीस मिळे, हे त्यांनी बैठकीत सांगितले होते. त्या शिकाऱ्यांनी निदान त्याच्याकडून विनयाची अपेक्षा केली नव्हती, हेही.

"गळ्यात हार पडला की मान लववणारे प्राणी वेगळे," त्या आता म्हणाल्या. कमलाकररावांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले आणि ते सावलीला जाऊन उभे राहिले.

जया जवळच्या तांड्यावरची. उद्ध्वस्त बिळाशी सापडलेले पिल्लू तिनेच शेळीच्या दुधावर वाढवले होते. कडी काढताना ती पुटपुटली,

"खाली बसून घ्या, म्याडम. डोयात डोये घालू नोका. अन् हात वर करू नोका."

"केला तर?"

"तं मंग थो बी तुमच्यासारखाच हाय. आयकत नाई कोनाचं."

भैरवीबाई आत शिरल्या आणि जाळीकडे पाठ करून उकिडव्या बसल्या. बादल आला तो सरळ नाही, वळसा घेत. धुळीच्या रंगाचा, काटक, पायांनी उंच. त्याने त्यांचे केस हुंगले, कान हुंगला, मग तोंडाजवळ तोंड आणून चष्मा चाटला. जग धूसर झाले. त्या धूसरपणात त्यांनी हार उचलला. अट तशीच होती.

मनगटावर जबडा मिटला. एक दात आत शिरला.

हात ओढला असता तर कातडी फाटली असती, आणि बादलही गेला असता. त्यांनी हात ओढला नाही. कमलाकररावांना त्यांची फक्त पाठ दिसत होती, आणि ती पाठ हलली नाही. जया दाराशी कडी धरून उभी होती.

बादलने जबडा सैल केला, त्याच जागी जीभ फिरवली आणि तो कोपऱ्यात जाऊन पसरला.

भैरवीबाईंनी हार मनगटाभोवती घट्ट गुंडाळला आणि त्या बाहेर आल्या.

"हार घातला नाहीत?" कमलाकररावांनी विचारले.

"त्याला नको होता. अट न चावण्याची होती, सत्कार स्वीकारण्याची नव्हती."

"म्हणजे चावला नाही?"

आजवरच्या त्यांच्या लेखनात एकही खोटी तळटीप नव्हती.

"नाही," त्या म्हणाल्या.

कमलाकररावांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. त्या चेहऱ्याशी वाद घालून काय होते, ते त्यांना बैठकीत कळून चुकले होते. ते गाडीकडे वळले.

पिंजऱ्यामागच्या नळावर जयाने हार सोडवला. आतली फुले काळपट झाली होती. तिने साबण लावून जखमेवर धार धरली, बराच वेळ.

"सुया तं घ्याच लागन, म्याडम. दवाखान्यात काय सांगसान?"

"कुत्रा चावला म्हणेन."

जयाचा हात थांबला.

"कुत्रा नोका म्हनू. थ्याले समजलं तं रुसून बसन."

"मग काय सांगू?"

जयाने गाडीच्या दिशेने मान वळवली आणि गंभीर तोंडाने म्हणाली,

"म्हना, अध्यक्ष चावले."

भैरवीबाई हसल्या, मोठ्याने, त्यांच्या वयाला आणि पदव्यांना न शोभेल असे. गाडीपाशी कमलाकररावांनी चमकून मागे पाहिले. त्या हसतच राहिल्या.